गठ्ठे संपले की घरी

भिंगरीला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खोटं वाटेल, पण खरं आहे. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, भांडणसुद्धा उभ्यानं. दुपारी बाकीच्या बायका भिंतीला पाठ टेकून पाय पसरायच्या, तेव्हा ही हातात डबा घेऊन खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. मी म्हणायचे, "अगं बाई, घास तरी पोटात उतरू दे." तर म्हणायची, "चालता चालता उतरतो तो, तू नको काळजी करू." हजेरीला तिचं खरं नाव पुकारलं की आम्हीच एकमेकींची तोंडं बघायचो, ही कोण नवीन म्हणून.

आम्ही दोघी जोडीदारणी. एका चादरीच्या दोन टोकांना आम्ही दोघी, इतकी वर्षं. आमचा कारखाना म्हणजे मोठी धुलाई. शहरातल्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळं आमच्याकडे येतं. मागच्या बाजूला धुलाईवाले ते धुतात, पिळतात, गरम रोलरमधून काढतात आणि सकाळी आमच्या घडीच्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलाशी एकेक गठ्ठा टाकून जातात. गठ्ठा म्हणजे डोंगरच. त्याच्या घड्या घालणं हे आमचं काम. टॉवेल एकटीनं होतो, अभ्रा एकटीनं होतो. मोठी चादर मात्र एकटीच्या बापाच्यानं होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी वरच्या वर झेलायची. बघणाऱ्याला वाटतं, काय सोपं. चार दिवस करून बघा म्हणावं, खांदे बोलायला लागतात.

भिंगरीशी जोडी करणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. मी एक पाऊल टाकेपर्यंत ती माझ्या नाकाशी येऊन उभी. सुरुवातीला मी रोज घरी जाऊन बोटं मोडायचे. मग कधीतरी माझेही हात तिच्या चालीला लागले आणि मला ते कळलंसुद्धा नाही. आमचं टेबल सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं.

आता एवढी घाई कशासाठी, तर त्याला कारण होतं. म्हातारे मालक हॉल सुरू केला तेव्हाच सांगून बसले होते, "मला घड्याळाशी देणंघेणं नाही. गठ्ठे संपले की घरी." रोजंदारी पूर्ण दिवसाची, मग काम दुपारी संपो की संध्याकाळी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणाची सही नव्हती. त्यांनी म्हटलं, आम्ही ऐकलं, झालं. पण त्या एका वाक्यावर आमचे संसार उभे होते. कुणाची पोरं शाळेतून यायची वेळ, कुणाचं दुसरं काम, कुणाला दुपारी नुसती झोप हवी. आणि भिंगरीला तिची आई.

आई अंथरुणाला खिळलेली. एक बाजू पार गेलेली, बोलणं अडखळत, पण समज लख्ख. घरात या दोघीच. सकाळी शेजारीण लक्ष ठेवायची, दोनदा कुशीवर वळवायची, पाणी पाजायची. पण दुपारी शेजारणीला स्वतःच्या कामावर जावं लागायचं. ती दाराला कडी घालून निघाली की भिंगरी घरात पोचलेली असली पाहिजे. रोज हीच शर्यत. शेजारीण वळणावर आणि ही कोपऱ्यावर, अशी त्यांची हात दाखवून भेट व्हायची. भिंगरीचा जीव सकाळपासून त्या कोपऱ्यावर टांगलेला.

आणखी एक होतं, तेही न बोललेलंच. आमच्यात मोठ्या काकू होत्या. हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्या अंगठ्याचे सांधे धरले होते, चादरीचं टोक चिमटीत राहायचं नाही. म्हणून सकाळी गठ्ठे पडले की येता-जाता प्रत्येक जोडी काकूंच्या गठ्ठ्यातल्या थोड्या चादरी उचलून आपल्यात टाकायची. कुणी "मदत" हा शब्द उच्चारला असता तर काकूंनी तिला उभं सोललं असतं. त्या दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत बसायच्या. सगळ्यांत मोठा ढीग भिंगरी उचलायची, मला न विचारता. मी कुरकुर केली की म्हणायची, "माझी आई पडली ना, तेव्हा मी इथं नवीन होते. हात थरथरायचे. माझा निम्मा गठ्ठा काकू करायच्या. तेव्हा त्यांचा अंगठा चालत होता." मग मी काय बोलणार, कपाळ?

काकूंच्या जोडीला टाचणी होती. नावावरूनच ओळखा. बोलली की टोचायची. पण तिचंही टेबल या उचलाउचलीमुळे वेळेत रिकामं व्हायचं, म्हणून गप्प असायची.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग म्हाताऱ्या मालकांचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि कारभार जावयाच्या हातात आला. आम्ही त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला पाप घेऊ. आल्या आल्या हॉलमध्ये नवे पंखे बसवले. प्यायच्या पाण्याची टाकी साफ करून घेतली. बोलायचा तेही अहो-जाहो करून. पण एका दुपारी हॉलमध्ये डोकावला आणि त्याला दिसलं काय, तर रिकामी टेबलं आणि फिरणारे पंखे. पगार पूर्ण दिवसाचा आणि माणसं घरी. त्याच्या जागी मी असते तरी मला झोप लागली नसती, हे मी आता म्हणते. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्यानं भिंतीवर फळा लावला. प्रत्येक जोडीच्या चादरी मोजून नोंद. ठरावीक आकड्यापुढे जी जोडी जाईल तिला वर बोनस. आणि सुट्टी सगळ्यांना एकदम, संध्याकाळी. "जी जास्त करेल तिला जास्त मिळेल," तो म्हणाला, "यात कुणाचं नुकसान आहे सांगा." आम्हाला पटकन सांगता येईना. ऐकायला बरोबरच वाटत होतं.

पहिले काही दिवस तर आम्ही चेकाळलोच. मीसुद्धा. कोण कुणाकडे बघत नव्हतं. चादरींचे नुसते फटाफट आवाज. फळ्यावर आमची जोडी सगळ्यांत वर आणि मला, कशाला लपवू, गुदगुल्या होत होत्या. पण काकूंच्या गठ्ठ्याला कुणी हात लावेना. का लावेल? उचललेली चादर कुणाच्या नावावर मोजायची? आणि आपल्या नावावर मोजली तर काकूंचा आकडा पडणार. टाचणी तिसऱ्याच दिवशी जावईबापूंना जाऊन म्हणाली, मला दुसरी जोडीदारीण द्या. जोडी काही बदलली नाही, पण काकूंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

मग बोनस वाटला आणि दुसऱ्याच सकाळी फळ्यावरचा ठरावीक आकडा वर सरकला. जावईबापू हसत म्हणाले, "तुम्हीच दाखवून दिलंत की हे जमतं." म्हणजे आम्ही धावलो म्हणून रस्ता लांबवला. सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी तर तडक म्हाताऱ्या मालकांच्या घरी गेले. ते पाय पाटावर ठेवून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "जावयाच्या कामात मी तोंड घालत नाही, बाई. मुलगी दिलीय त्याला." मी तशीच परत आले.

त्यानंतर हात धुवायच्या नळापाशी जे ठरलं त्याला ठरणं म्हणावं की नाही, देव जाणे. शपथा नाहीत, बैठक नाही. टाचणीच हात पुसता पुसता म्हणाली, "उद्यापासून जरा दमानं घ्या बायांनो." कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून हॉल मंदावला. झटका दोनदा द्यायचा. टोक सुटलं म्हणून पुन्हा उचलायचं. टेबलाच्या या अंगाहून त्या अंगाला हळद लागलेल्या नवरीसारखं चालायचं. आकड्याच्या जेमतेम खाली राहायचं, म्हणजे तो वर सरकणार नाही आणि काकू सगळ्यांत मागे दिसणार नाहीत.

सगळ्यांना जमलं. भिंगरीला जमेना.

तुम्ही हसाल, पण हळू काम करणं हे फार अवघड काम आहे. तिचे हात तिच्या बापाचं ऐकत नव्हते. मी चादर ओढून धरायचे, ती पुढे यायची. मी चप्पल सावरायचं निमित्त करून खाली वाकायचे, तर तोवर ती अभ्रे घडी करून मोकळी. मी दबक्या आवाजात म्हणायचे, "हळू." ती म्हणायची, "हळूच करतेय." आणि खरंच तिला वाटत होतं की ती हळू करतेय! फळ्यावर सगळ्या जोड्या एका ओळीत आणि आमची जोडी वर टांगलेली, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी. बायका मला सुनवायला लागल्या. टाचणी म्हणाली, "तुझ्या जोडीदारणीला आवर, नाहीतर तुमच्या दोघींमुळे आमचं वाटोळं होईल." मी म्हटलं, "मी काय तिला दोरी बांधू?" पण रात्री अंग टेकलं की मलाही वाटायचं, ही मुद्दाम तर करत नाही? बोनस एकटीच्या घशात घालायचा बेत तर नाही? माणसाचं मन असं नासतं.

भिंगरीची तगमग मात्र वेगळीच होती. दुपार झाली की ती खिडकीकडे बघायला लागायची. शेजारीण आता निघाली असेल. आता वळणावर. आता आई एकटी. हात चादरीत आणि डोळे बाहेर. मी विचारलं, "आईचं काय करतेस?" तर म्हणाली, "उशाशी पाणी ठेवते. झोपते ती दुपारची." आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली.

मग एके दिवशी भिंगरी हळू झाली.

सकाळीच माझ्या लक्षात आलं. ती पुढे येईना. मी टोकं घेऊन तिच्यापर्यंत गेले तरी ती तिथंच. झटका दिला तर चादर फुगलीच नाही. हॉलमध्ये बायकांच्या नजरा फिरल्या. फळ्यावर आमचा आकडा खाली आला, बाकीच्यांच्या ओळीत. जेवायच्या सुट्टीत टाचणीनं चक्क तिच्या पाठीवर थाप मारली, "जमलं बाई एकदाचं तुला!" दुसरी म्हणाली, "मनावर घेतलं की सगळं जमतं." भिंगरी हसली. पण मी चादरीच्या दुसऱ्या टोकाला असते. चादरीतून सगळं कळतं. ते हात हळू झालेले नव्हते, जड झालेले होते.

मी तिला रोलरच्या मागे ओढत नेलं. म्हटलं, "काय झालंय?"

"कुठं काय."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी एक ठेवून देईन."

तेव्हा तिनं सांगितलं. आदल्या दिवशी आईला तहान लागली. उशाशी पाणी होतं, पण चांगल्या हाताच्या अंगाला नव्हतं. सकाळच्या घाईत भांडं उलट्या बाजूला ठेवलं गेलं होतं. म्हातारी सरकायला गेली आणि खाट आणि भिंत यांच्या फटीत घसरली. तिथंच अडकून राहिली. ओरडता येत नाही, आणि कडी बाहेरून. संध्याकाळी भिंगरी पोचली तेव्हा आईचा गाल भिंतीला घासून सोलवटलेला, कपडे ओले, आणि डोळे उघडे. "मला वाटलं गेली," भिंगरी म्हणाली. "मी हाक मारली तर म्हणाली, आलीस? एवढंच. रागावली पण नाही गं. रागवायला तरी हवी होती." मी तिला जवळ घेतलं. मला रडू फुटलं. तिला नाही. ती म्हणाली, "चल, गठ्ठा पडलाय."

याची लाज मला अजून वाटते, की मी हिच्याबद्दल बोनसचा विचार केला होता. असो.

त्याच दुपारी जावईबापूंनी तिला आत बोलावलं. आमचा आकडा घसरलेला त्यांना दिसला होता. शिवाय त्यांचीही झोप उडालेली होती. संध्याकाळी टेबलांवर चादरी उरत होत्या, धुलाईवाले जागा नाही म्हणून ओरडत होते, आणि दोन हॉटेलांनी चुरगळलेल्या घड्या परत पाठवल्या होत्या. बाहेर आली तेव्हा भिंगरीचा चेहरा विचित्र झाला होता.

"काय म्हणाले?"

"आईचं सांगितलं मी त्यांना. म्हणाले, तुमची अडचण मला कळलीय. तुम्ही दोघी पूर्वीसारखा गठ्ठा संपवा आणि घरी जा, दुपारी. पगार पूर्ण. फक्त वेग पूर्वीचा ठेवा. म्हणजे बाकीच्यांना दिसेल की जमतं."

मी म्हटलं, "घे."

"काय?"

"घे म्हणते. बायकांचं मी बघते. टाचणी टोचेल, टोचू दे, माझी कातडी जाड आहे. तुझी आई फटीत पडलीय, कळतंय का तुला?"

"आणि काकू?"

"काकूंना मुलगा आहे, सून आहे."

"सून त्यांना जेवायला वाढते ती या पगारावर," भिंगरी म्हणाली. "आपण वर गेलो की आकडा वर जाईल. काकू पहिल्या फटक्याला बाहेर."

"मग बस आईला फटीत घालून!" मी ओरडले. मला राग आला की माझं तोंड माझं राहत नाही. भिंगरी तिथल्या तिथे फिरत होती, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, पिंजऱ्यातल्यासारखी. मी तशीच घरी गेले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले. झोप नाहीच. एकदा वाटायचं, तिनं घ्यावं. एकदा वाटायचं, घेतलं तर उद्या काकूंकडे कसं बघायचं.

सकाळी ती माझ्या आधी येऊन उभी होती. डोळे तांबारलेले. चादरीची दोन टोकं उचलून म्हणाली, "आज फक्त धर. सोडू नकोस."

आणि ती सुटली. इतक्या वर्षांत मी तिचा तो वेग पाहिला नव्हता. झटका, दुमड, दुमड, हातात टोकं, खाली घडी, बाजूला. पुन्हा. मला घाम फुटला. म्हटलं, घेतलं हिनं. तिच्या जागी दुसरं कोण काय करणार होतं? पण हॉलभरच्या नजरा पाठीला टोचत होत्या. टाचणी मोठ्यानं म्हणाली, "विकल्या गेल्या वाटतं काहीजणी." भिंगरीनं मान वर केली नाही. काकू मात्र आमच्याकडे बघून नुसती मान हलवत होत्या, म्हणजे कर बाई, तुझं बरोबर आहे. ते मला टाचणीपेक्षा जास्त लागलं.

जेवायच्या सुट्टीआधीच आमचं टेबल रिकामं. जावईबापू दारात उभे राहून खुशीत बघत होते. म्हणाले, "शाबास. निघा तुम्ही दोघी." भिंगरीनं पिशवी उचलली, खांद्याला लावली. दाराकडे चालायला लागली. मी मागे. आणि काकूंच्या टेबलाशी ती वळली. पिशवी खाली ठेवली. काकूंच्या हातातलं चादरीचं टोक काढून घेतलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही अभ्रे घ्या." समोर टाचणी. टाचणीचं तोंड उघडं. भिंगरी म्हणाली, "धर ना नीट, बघतेस काय."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. मी पलीकडच्या टेबलाशी गेले आणि तिथल्या गठ्ठ्यातला टॉवेलांचा ढीग उचलून आपल्या टेबलावर आणला. काकूंनी चष्मा काढला, पुसला, आणि अभ्रे ओढले. हॉलचा आवाज बदलला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या. ज्या बायका महिनाभर चादरी कुरवाळत होत्या त्यांचे हात शिवशिवलेले होतेच, त्यांनाही कंटाळा आला होता हळू चालण्याचा. जेवायला कुणी थांबलं नाही. मोजणारा माणूस खडू घेऊन या टेबलाकडून त्या टेबलाकडे पळत होता आणि कोणती चादर कुणाच्या नावावर लिहायची ते त्याला कळेना. शेवटी त्यानं खडू खिशात टाकला.

मला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे भीती वाटत होती. कारण आम्ही करत काय होतो, तर त्या माणसाला आमचा खरा वेग दाखवत होतो. सगळा. जो महिनाभर जिवापाड लपवला तो. उद्या त्यानं गठ्ठे दुप्पट केले तर? पण आता थांबता येत नव्हतं.

हॉल रिकामा झाला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. सगळ्या बायका पिशव्या घेऊन दाराशी. जावईबापू तिथंच उभे.

"सगळ्याच निघालात?" ते म्हणाले.

"गठ्ठा संपला, साहेब," भिंगरी म्हणाली.

"मी ते तुमच्या जोडीला म्हणालो होतो."

"माझा जोडीदार एवढा सगळा आहे." तिनं हॉलकडे हात केला. "चादर एकटीनं होत नाही, साहेब. तुम्हाला दुपारी हॉल भरलेला हवा असेल तर आम्ही बसतो. चादरी उरतील. हॉल रिकामा चालत असेल तर टेबलंही रिकामी मिळतील. दोन्ही नाही जमत आम्हाला. आणि माझी आई दुपारी पाणी मागते."

जावईबापूंनी टेबलांवरून नजर फिरवली. घड्या एकसारख्या, कडेला कड लागलेल्या. त्यांनी एक चादर उचलून बघितली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "जा. उद्याचं उद्या बघू." आणि दारातून बाजूला झाले.

भिंगरी धावत सुटली. मीही तिच्या मागे, या वयात. वळणावर शेजारीण दिसली, ती हात दाखवायचं विसरून बघतच राहिली. घरात शिरलो तर आईचे डोळे दाराकडेच लागलेले. गालावर खपली धरलेली. मुलीला बघून तिला आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. ती घाबरली. तिला वाटलं, काहीतरी विसरलं म्हणून आलीय, पुन्हा जाणार. भिंगरी पाणी पाजायला वाकली तर आईनं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं आणि अडखळत विचारलं, "परत... जायचंय?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

आईनं मनगट सोडलं नाही. भिंगरी उभी, अवघडून वाकलेली. कपडे बदलायचे होते, चूल पेटवायची होती, तिचे पाय सुटायला बघत होते, मला दिसत होतं ना. म्हातारीची मूठ सुटेना. मग भिंगरी खाटेच्या कडेला हळूच बसली. मी दारातून बघत होते. मी मागे वळले आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलचं दार उघडायच्या आधी आम्ही सगळ्या बाहेर. टाचणीसुद्धा लवकर आलेली. भिंगरी पायरीवरून खाली, खालून वर. दार उघडलं. आम्ही गठ्ठ्यांकडे बघितलं. इतकी वर्षं बघतोय, वजन न करता कळतं. कालच्याएवढेच होते. फळा भिंतीवर होता, पण पुसलेला. जावईबापू दिवसभर हॉलकडे फिरकले नाहीत. त्यांनी शब्द दिला असं कुणी म्हणू शकणार नाही. परवा मोडला तरी तक्रार कुणाकडे करायची? म्हणून आजही सकाळी दार उघडताना माझी नजर आधी गठ्ठ्यांवर जाते. सगळ्यांचीच जाते. टाचणी येता येता काकूंचा गठ्ठा उचलायला लागलीय, तेही सगळ्यांत आधी. म्हणते, मला काय हौस आहे, लवकर सुटायचंय म्हणून करते.

भिंगरी तशीच आहे. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं. मी कधीकधी दुपारी तिच्याबरोबर जाते. आई रोज तोच प्रश्न विचारते, परत जायचंय का. भिंगरी पिशवी ठेवते, खाटेच्या कडेला बसते, आणि मग सांगते, नाही.